पडद्यावरची इरकली

डांबरगोळ्यांचा वास थंड असतो. आईची ट्रंक उघडली की आधी तो गारवा नाकाशी येई, मग तळाशी घडी होऊन पडलेल्या वर्षांचा कोंदट, किंचित गोडसर दरवळ. आई गेल्यावर तिच्या साड्या मी पंधरवड्यात वाटून टाकल्या. सवाष्ण गेलेली बाई. मावश्यांनी, चुलतबहिणींनी एकेक साडी कपाळाला लावून नेली. वस्तू वापरात राहावी, असं माझं मत आहे. कपाटात कुजून कुणाची आठवण टिकली आहे?

एक तेवढी उरली होती. काळसर जांभळी इरकली, तांबडे काठ, टोपपदर. बाबा इथे भोपाळला गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात होते, तेव्हा कामानिमित्त सोलापूरला गेले असताना त्यांनी ती आणली होती; स्वतःच्या पसंतीने आणलेली आयुष्यातली एकच.

गेल्या वर्षी जुन्या भोपाळात एका चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वीचा काळ, एकामागून एक बायकांचे खून पाडणारा कुणी माथेफिरू आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर. वेशभूषा सांभाळणारी एक मुलगी जुन्या साड्या शोधत आमच्या मिसरोदच्या सोसायटीत आली. कथेत इथे बदलून आलेल्या मराठी कारकुनाची बायको होती. "आंटी, एकदम असली चाहिए," ती म्हणाली. बाबा दुपारचे झोपले होते. साडी कशी धुवायची, उन्हात का वाळवायची नाही, सगळं मी तिला बजावलं. त्या बाईचं कथेत पुढे काय होतं, एवढंच विचारलं नाही. बाबांना सांगायचं राहून गेलं. खरं तर मीच राहू दिलं.

चित्रपट लागला तेव्हा जुने रस्ते दिसतील म्हणून बाबाच हट्टाने निघाले. विसेक मिनिटं झाली असतील. ती पडद्यावर आली. पाठमोरी, हातात भाजीची पिशवी, अरुंद गल्लीच्या संथ उतारावर. बाबांनी माझं मनगट धरलं. "सुलू, ही आपली इरकली!" पुढच्याच प्रसंगात ती नाल्याकाठी पडलेली होती. मी पडद्याकडे नव्हे, बाबांकडे पाहत होते. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पुढचे दोन तास गुप्तहेर अपराध्याला शोधत हिंडला. आमच्या रांगेत तो केव्हाच सापडला होता.

घरी ते रागावले नाहीत. "देताना एकदा दाखवायची होतीस," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फोन लावला. "सॉरी आंटी, वो तो खराब हो गई. खून वाला रंग निकलता ही नहीं!" मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं, वेगळं सांगायची हातोटी मला नाही. संध्याकाळी त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तो सिनेमा आहे का अजून? ती चालत जाते तेवढंच बघू. पुढचं नको."

त्यानंतर आम्ही तीनदा गेलो. "अंकल, पिक्चर तो अब शुरू हुई है," दारावरचा माणूस दर वेळी हसायचा. हसू दे! ती साडी आता ना ट्रंकेत होती, ना कुणाच्या अंगावर. धड अशी ती त्या उतारावरच्या चाळीस पावलांपुरतीच उरली होती. माणूस गेल्यावर त्याचं आपल्याजवळ याहून अधिक काय राहतं?

काल शेवटचा खेळ होता. ती गल्लीच्या वळणाआड गेली, बाबा काठी टेकत बाहेर पडले. मी उठले नाही. आपण दिलेल्या वस्तूचं काय झालं, ते एकदा तरी डोळे उघडे ठेवून पाहावं, असं वाटलं. चिखल, माशा, पोलिसांचे बूट. गुप्तहेराने पेन्सिलीच्या टोकाने पदर उचलला. काठालगत बोटभर रफू होतं, आईच्या हातचं. भल्यामोठ्या पडद्यावर तिचा टाका न् टाका मोजता येत होता.

बाहेर बाबा बाकावर बसले होते. "काय बघत होतीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"खिळ्याला अडकली होती," ते म्हणाले. "कुठे फाटली ते मला शेवटपर्यंत शोधू दिलं नाही तिने." मग काठी सावरत उठले आणि दाराकडे वळले. "मला दाखव ना."

त्या दारावर उद्याच्या चित्रपटाचं पोस्टर चिकटवणं चाललं होतं.