तुळसा सॅक्सोफोन घेते

तुळसाची आणि माझी ओळख भांडणातून झाली. लग्न होऊन मी ठाकूरद्वारला आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सकाळी सातला मासळी आणायला पिटाळलं. आम्ही पाठारे प्रभू. दोन दिवस घरात मासळी आली नाही तर आमची माणसं सुतकात असल्यासारखी तोंडं करून बसतात. गल्लीच्या तोंडाशी एक तरुण कोळीण नुकतीच पाटी मांडत होती. मी सुरमईचा भाव विचारला, ऐकला, नको म्हटलं आणि वळले.

"ए बाय! भवानीच्या टायमाला भाव करून पाठ दावतेस?"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की विकणारीचा दिवस बुडाला, आणि जाणाऱ्याचंही पुढे काही बरं होत नाही, हे तिने मला, समोरच्या वाण्याला आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांना एकदमच समजावून सांगितलं. मी मुकाट्याने पाव किलो मांदेली घेऊन घरी आले. मांदेली घरात कुणाला आवडत नव्हती. त्याला आता बत्तीस वर्षं झाली आणि मांदेली आम्ही अजून खातो.

तर ही तुळसा. राहायची वरळीच्या कोळीवाड्यात, पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायची आणि आमच्या गल्लीत येऊन बसायची. माल घेताना ती कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही. कल्ला उघडून बघेल, पोट दाबून बघेल, वास घेईल आणि मग भाव असा पाडून मागेल की विकणारा आधी रागावेल आणि नंतर देईल. अशा बाईला कुणी फसवील असं मला सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

तिचा नवरा दत्तू अगदी उलट. दिवसाला वीसेक शब्द बोलणारा माणूस. पण चाळीस वर्षं कोळीवाड्याच्या बँडमध्ये त्याने सॅक्सोफोन वाजवला. हळद असो, वरात असो, नारळी पौर्णिमा असो, दत्तू नाही असा कार्यक्रम नाही. मग बँडचा मालक थकला, त्याने बँड बंद केला आणि वाद्यं विकून गावी निघून गेला. सॅक्सोफोन मालकाचा होता, कार्यक्रम झाला की दत्तू तो पुसून परत नेऊन द्यायचा; तोही गेला. दत्तूचं स्वतःचं असं काय उरलं, तर माउथपीस. ओठाला लावायचा तो बोटभर काळा तुकडा. ज्याचा त्याने विकत घ्यायचा, अशी बँडची पद्धत.

तर दत्तू दाराशी बसून नुसता माउथपीस फुंकायचा. सॅक्सोफोनशिवाय माउथपीस वाजवला की बदकाचा गळा दाबल्यासारखा आवाज निघतो. तुळसाच्या शेजारणीने पहिल्या आठवड्यात चौकशी केली, दुसऱ्या आठवड्यात तक्रार केली. तुळसाने तिला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मला म्हणाली, "बाय, सगल्या गावाच्या हलदी वाजवल्या यानं. आता पोटच्या पोरीची हलद, आनि हा पिपानी फुकत बसनार काय?"

त्यांची लेक दिशा बँकेत नोकरीला, लग्न ठरलेलं, हळदीला महिना उरलेला. तुळसाच्या डोक्यात एकच होतं, त्या दिवशी दत्तूच्या गळ्यात सॅक्सोफोन पाहिजे, आणि तो त्याचा स्वतःचा पाहिजे. दत्तूला सांगायची सोय नव्हती. लग्नाच्या खर्चात आपल्यासाठी काही घ्यायचं म्हटलं की तो पाय धरून नको म्हणाला असता. नवा परवडत नव्हता. मग दिशाने आईच्या मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं ॲप टाकून दिलं, आणि आई मोबाइल घेऊन माझ्याकडे आली.

माझ्याकडे म्हणजे खरं तर माझ्या यजमानांकडे. श्यामकांत छत्तीस वर्षं बँकेत होते, आणि ऑनलाइन व्यवहारातले स्वतःला तज्ज्ञ समजतात. त्यामागे कारण आहे. निवृत्तीनंतर गाणं शिकायचं म्हणून त्यांनी ऑनलाइन जुना तंबोरा मागवला. फोटो सुरेख होता, किंमत त्याहून सुरेख. खोकं आलं तेव्हा मला वाटलं, खुंट्या वेगळ्या पाठवल्या असतील. पण तो अख्खा तंबोराच होता. दोन फुटांचा, आणि भोपळ्यात दिवा लावायची सोय. लांबी विचारायची राहून गेली होती. तो दिवा आमच्या हॉलमध्ये आहे आणि उजेड बरा देतो. तेव्हापासून श्यामकांत येईल त्याला नियम सांगतात.

"तुळसाबाई, लिहून घ्या. वस्तू हातात आल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही. भेटायचं ते दिवसा आणि माणसांत. बिल मागायचं, त्यावरचा नंबर वाद्यावरच्या नंबराशी ताडून बघायचा. आणि कोणी म्हणालं की हा कोड स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे मिळतील, तर फोन ठेवून द्यायचा. कोड पैसे द्यायला असतो, घ्यायला पिन लागत नाही."

"मालकांनू," तुळसा म्हणाली, "फोटोतला बांगडा मी आजवर घेतला नाय. मना काय शिकवता?"

श्यामकांतांनी तंबोऱ्याकडे पाहिलं.

चारच दिवसांत तिला एक सॅक्सोफोन सापडला. विकणारा हिंदी बोलायचा. मोठा साहेब, अचानक बदली, म्हणून स्वस्तात काढतोय. पाठवणावळ म्हणून दोन हजार आधी पाठवा, बाकीचे माल मिळाल्यावर. तुळसाने त्याला असा काही पिंजून काढला की मला त्याची दया आली. पाठचा फोटो मागितला, तोंडाचा मागितला, दाबायच्या चाव्यांचा एकेक करून मागितला. "वाजवून दाव," म्हणाली. त्याने कुठलातरी आवाज पाठवला. "ह्यो रेडिओ हाय," असं सांगून तिने तो परत पाठवला. चार दिवस तो पैसे मागत होता आणि चार दिवस ती नाही म्हणत होती. श्यामकांत खूश. माझ्या हाताखाली तयार झाली, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

पाचव्या दिवशी मी मासळी आणायला गेले तर तुळसा मान खाली घालून कोळंबी सोलत होती.

"काय गं, झालं काय?"

"पैशे धाडले," ती म्हणाली.

मला खरंच वाटेना. "त्याला? का?"

"सकाली सातला फोन आला त्याचा. बोलला, मौसी, बोहनी का टाइम है, खाली हाथ मत लौटाओ." तिने कोळंबी टोपलीत टाकली. "आता भवानीला नाय कसं बोलू, बाय? मी सोता भवानीवर बसते."

मी कपाळावर हात मारला. चार दिवस ज्या बाईने त्याच्या नाकी नऊ आणले होते, तिच्याकडून त्याने एका वाक्यात पैसे काढले. त्या भामट्याला बिचाऱ्याला कळलंही नसेल आपण काय बोललो ते. अशी वाक्यं तो दिवसाला शंभर जणांना टाकत असेल. पण या मुंबईत भवानीला नाही म्हणू न शकणारी बाई शोधायची तर ती आमच्याच गल्लीत बसते. दुपारी त्याचा पुन्हा फोन आला, गाडी नाक्यावर अडकलीय, आणखी पाच हजार पाठवा. तेव्हा मात्र तुळसाचं डोकं ठिकाणावर आलं. तिने त्याला जे ऐकवलं त्यानंतर त्याचा फोन बंद झाला तो झालाच. तो पळाला की भाजून निघाला, कोण जाणे.

श्यामकांतांनी तिला बसवून १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रार नंबरला फोन लावून दिला. तक्रार नोंदवून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पैसे नेमके कशासाठी पाठवलेत?" तुळसा म्हणाली, "भवानीसाठी." पलीकडून विचारणा झाली की या भवानी कोण, त्यांचा नंबर आहे का. श्यामकांतांनी फोन आपल्या हातात घेतला.

पैशांचं तिला दुःख होतंच. दोन हजारांसाठी ती किती टोपल्या उचलते ते मला ठाऊक आहे. पण लागलं होतं ते वेगळंच. "पैशे आज गेले, उद्या येतील," ती म्हणाली, "पन मेल्यानं खोटी भवानी काढली. असं करतात काय?" मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा, तिचा, आणि श्यामकांतांचासुद्धा, कारण ते तेवढ्यात म्हणाले की नियम पहिला वाचला असता तर.

हळदीला बारा दिवस उरले. तुळसा ॲप काढून टाका म्हणत होती. श्यामकांतांनीच मग जिद्दीने हुडकून एक जाहिरात काढली. प्रभादेवीची ऋग्वेदा नावाची मुलगी. बिलाचा फोटो, नंबराचा फोटो, पोचा कुठे आलाय त्याचासुद्धा फोटो. फोन मी लावला आणि तुळसाच्या हातात दिला. स्पीकर चालू होता.

"आधीच सांगते," ऋग्वेदा म्हणाली, "मी कुठलाही कोड स्कॅन करणार नाही. मागच्या वेळी एकाने मला पैसे देतो म्हणून स्कॅन करायला लावलं आणि माझेच चार हजार गेले."

"मी बी नाय करनार," तुळसा म्हणाली.

"मी ॲडव्हान्स घेणार नाही."

"मी देनार पन नाय."

"माझ्या घरी बोलावणार नाही."

"मी येनार पन नाय."

मग ऋग्वेदा जरा हसून म्हणाली, "काकी, तुम्ही खऱ्या वाटता."

भेटायचं ठरलं तुळसाच्या पाटीपाशी, सकाळी अकराला, गल्लीच्या तोंडाशी भर गर्दीत. याहून माणसांतली जागा मुंबईत नाही. दत्तूला तुळसाने सांगितलं, "माज्या एका गिऱ्हाइकाला सॅक्सोफोन घ्यायचा हाय, जरा बघून दे." तो खिशात माउथपीस घालून आला.

ऋग्वेदा पाठीला पेटी लावून आली. बरोबर आधार कार्डाची झेरॉक्स, आणि समोरच्या फुटपाथवर फोन धरून उभी असलेली मैत्रीण. काही झालं तर लगेच चित्रीकरण. तुळसाच्या बाजूने शेजारी बसणाऱ्या चार कोळणी कोयते हातात घेऊन बसल्या होत्या, अर्थात मासे कापायला. श्यामकांतांनी चष्मा लावून नंबर ताडला. दोन वेळा.

तुळसाने पेटी उघडली, आत नाक घातलं आणि म्हणाली, "कुबट हाय."

"पोटमाळ्यावर होता," ऋग्वेदा ओशाळली. कॉलेजात असताना हौसेने घेतला, सहा महिने वाजवला आणि सोसायटीने सभा बोलावली. तेव्हापासून तो वर होता.

"पितल हाय का पानी मारलंय?" शेजारची कोळीण म्हणाली.

दत्तूने मात्र एकेक चावी दाबून पाहिली, खालचं चामडं निरखलं, माउथपीस बसवला आणि पट्टा गळ्यात अडकवण्यासाठी सॅक्सोफोन उचलला. ऋग्वेदाने वाद्याचं खालचं उघडं तोंड दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"सॉरी काका. वाजवा तुम्ही. पण मी सोडणार नाही. हे घेऊन कोणी पळालं तर?"

"बराबर हाय तुजं," दत्तू म्हणाला. दत्तू साठीचा, गुडघे दुखणारा. पळणार कुठे? पण पोरीचे चार हजार गेले होते, तिलाही मी दोष देत नाही.

आणि मग तो तसाच वाजवायला लागला. इकडे हा फुंकतोय, तिकडे ती धरून उभी, मध्ये सॅक्सोफोन. दोघं मिळून एखादं कपाट जिन्यावरून उतरवत असावीत तसं दिसत होतं. पहिला सूर खरखरला. दुसरा सरळ आला. मग त्याने हळदीची चाल धरली.

मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. बत्तीस वर्षं त्याच्या बायकोकडून मासळी घेतली आणि तो काय वाजवतो ते मला माहीत नव्हतं, याची मला लाज वाटली. शेजारची कोळीण कोयता खाली ठेवून उठली आणि पदर खोचून जागच्या जागी नाचायला लागली. मग दुसरी. गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी राहिली. एक टॅक्सीवाला हॉर्न वाजवायचा थांबला, हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितेय. ऋग्वेदाचे हात केव्हा सुटले ते तिलाही कळलं नाही.

"माझ्याकडे हा असा कधीच वाजला नाही," ती मला म्हणाली.

तुळसा भाव पाडायला आली होती. रात्रभर आकडे ठरवले होते तिने, मला सांगितलेही होते. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला लपवता येत नव्हतं. मासळीचे हात, पुसणार कशाने? ऋग्वेदाने जेवढे सांगितले होते तेवढेच तिने कमरेच्या पिशवीतून काढून दिले. मग ऋग्वेदानेच त्यातले दोन हजार परत तिच्या हातावर ठेवले, पोच्याचे म्हणून.

दत्तूचं या कशाकडे लक्ष नव्हतं. त्याने वाजवणं थांबवलं, माउथपीस काढून रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. सॅक्सोफोन आतून-बाहेरून पुसला, पेटीत नीट ठेवला, कड्या लावल्या आणि पेटी दोन्ही हातांनी ऋग्वेदापुढे धरली.

"घे, ताई. चोख माल हाय." मग तुळसाकडे वळून म्हणाला, "तुज्या गिऱ्हाइकाला सांग, डोले मिटून घे."

ऋग्वेदाने पेटी घेतली नाही. ती तुळसाकडे बघत राहिली.

तुळसाने पेटीचा पट्टा उचलला आणि दत्तूच्या खांद्यावर घातला.

"गिऱ्हाईक तूच हाय," ती कशीबशी म्हणाली. "दिशाची हलद वाजवायची ना? घरी ने."

दत्तूने खांद्यावरचा पट्टा हाताने चाचपला. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे.

"नेतो," तो म्हणाला. "परत कवा आनून द्यायचा?"