सदरा फाटला नाही

सर्बियातल्या निश शहरातील आमच्या इमारतीत रास्तको माझ्या वरच्या घरात राहत असे, आणि त्याची पहिली ओळख मला छतातून झाली. खुर्ची आपटल्याचा आवाज, मग बशी फुटल्याचा. पुढे उतारवयात मी प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकू लागले, तेव्हा माझे अडलेले शब्द सोडवून देण्यास तोच खाली येई. त्या वेळी त्याचे हात मला जवळून दिसले. बोटे लांब, नखे स्वच्छ. सांधे मात्र भिंतीवर मारून मारून सोललेले.

तो सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करीत असे. त्याचे वडील ओब्राद लोखंडाच्या भट्टीवर कामाला होते आणि भट्टीचा ताप घरी आणून मुलाच्या पाठीवर उतरवीत. पट्ट्याच्या बक्कलाचा वण रास्तकोच्या खांद्यामागे कायमचा राहिला होता. आपण बापासारखे होणार नाही, अशी शपथ त्याने लहानपणीच घेतली होती. परंतु हाडीमांसी खिळलेले शपथेने निघत नाही. ऑफिसात त्याने एकदा संगणकाचा कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. घरी एकदा कॉफीचे उकळते भांडे फेकले, ते त्याची बायको दुन्या हिच्या कानाजवळून जाऊन दारावर आदळले. दुन्या तेव्हा गरोदर होती. ती रडली नाही. तिने फडके घेऊन दार पुसले आणि सांगितले की, बाळ जन्मल्यावर हा हात कोणावरही, अगदी कोणावरही उठला, तर ती मूल घेऊन लेस्कोवाचला आपल्या आईकडे निघून जाईल.

त्या दिवसापासून त्याने स्वतःला सुधारण्याचा ध्यासच घेतला. पहाटे थंड पाण्याची आंघोळ, श्वास मोजणे, राग जिंकण्याची भाषणे कानाला लावून नदीकाठी चालणे. आपण बदललो, असे तो दुन्याला वरचेवर सांगे. कोणी तपासले, असे ती विचारी. मीच, असे तो म्हणे.

"तुझ्या कामात असं चालतं का रे?" तिने एकदा विचारले.

चालत नसे. त्याच्या ऑफिसात कोणाचेही काम दुसऱ्या माणसाने वाचल्याखेरीज पुढे जात नसे, आणि स्वतःच्या कामावर स्वतःच होकार देणे याहून मोठी आगळीक तेथे नव्हती. हे त्याला पाठ होते. घरालाही तोच नियम लागू पडतो, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही.

मुलगी झाली. आमच्याकडे मूल झाले की मित्र आणि नातेवाईक बापाच्या अंगावरचा सदरा फाडतात, आणि चिंध्या झाल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. म्हणून शहाणा माणूस त्या दिवसांत जुना, विरलेला सदरा घालून वावरतो. रास्तको ऑफिसातून तसाच इस्पितळात धावला होता आणि तसाच परतला होता. अंगावर कंपनीने शर्यतीसाठी दिलेला टीशर्ट होता, ताणावा तेवढा लांबणारा.

अंगणात मंडळी जमली, राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली फिरू लागली. ऑफिसातले सोबती चहूकडून ओढू लागले. टीशर्ट तंबूसारखा पसरे आणि पुन्हा अंगाला चिकटे.

"तुमचे प्रोग्राम रोज कोलमडतात, आणि टीशर्ट तेवढा टिकतो होय!" शेजारचा खाटीक म्हणाला, आणि सगळे हसले.

तेव्हा ओब्राद पुढे आले. "व्हा बाजूला. याला कसं सोलायचं ते बापाला ठाऊक आहे."

त्यांनी मागून टीशर्टचा गळा धरला आणि पीळ दिला. कापड फाटले नाही. ते रास्तकोच्या गळ्यात रुतले. त्याचा चेहरा काळानिळा झाला. हसणारे हसतच राहिले, कारण खेळ कोठे संपला हे कोणालाच कळले नाही. मुलगीच तर झाली, तिचा एवढा गाजावाजा कशाला, असे ओब्राद त्याच्या कानाशी पुटपुटले आणि शकुनाची म्हणून त्यांनी एक थप्पड दिली. ती बालपणीच्याच जागी, खांद्यामागच्या वणावर, बसली.

रास्तको वळला. त्याने श्वास मोजला नाही. पहिल्या ठोशाने बापाचे नाक फुटले, दुसऱ्याने जबडा वाकडा झाला. म्हातारा फरशीवर कोसळला, तरी तो छातीवर बसून मारीत राहिला. बाटली फुटून काचा त्याच्या गुडघ्यांत शिरल्या, त्याचे त्याला भान नव्हते. खाटकाने मागून कव घालून त्याला उचलले, तेव्हाही रक्ताने माखलेली मूठ हवेत चालूच होती.

ओब्राद खाली पडल्या पडल्या रक्त थुंकले आणि हसले. "आता शोभलास माझा."

टीशर्ट अखंड होता. मी तो माझ्या स्वयंपाकघरात कात्रीने कापून काढला. बापाने आगळीक केली, असे तो एकदाही म्हणाला नाही. हात न धुताच त्याने दुन्याला फोन लावून सर्व सांगितले. पलीकडे बाळ रडत होते, ते त्याने ऐकले. मग फोन बंद झाला. दुन्या इस्पितळातून परस्पर लेस्कोवाचला गेली. ओब्राद यांच्या जबड्याला तारा घालाव्या लागल्या. त्यांनी पोलिसांना पाय घसरल्याचे सांगितले. रास्तकोने चौकीत जाऊन आपण मारल्याचे सांगितले.

त्यानंतर तो रविवारी लेस्कोवाचला जाऊ लागला. सासूबाई साखळी न काढता दार उघडीत, आणि त्या फटीतून त्याला मुलगी दिसे. तिचे नाव इस्क्रा, म्हणजे ठिणगी. आपण बदललो, असे तो आता म्हणत नसे. हिवाळा सरत आला तेव्हा दुन्याने त्याच फटीतून विचारले की, आता तपासणार कोण. आपण स्वतः नाही, असे त्याने सांगितले. ज्या बाईंकडे तो रागाच्या उपचारासाठी जात असे त्यांचे नाव त्याने दिले, आणि खाली स्तामेन्का मावशी आहेत, असे म्हणाला. स्तामेन्का म्हणजे मी. त्या रविवारी साखळी निघाली नाही. पुढच्या रविवारी निघाली.

दुन्या बाळाला घेऊन परत येण्याच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. आत ये म्हटले तरी आला नाही. आपल्या घराची दुसरी किल्ली त्याने माझ्या तळहातावर ठेवली.

"मावशी," तो म्हणाला, "माझा आवाज चढलेला ऐकू आला तर वर या. मला काही विचारू नका. आधी बाळ उचला."