सुईवरून पडलेलं कार्ड

मेडशीच्या एसटीत मला रोज एक गृहस्थ भेटत. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या मांडीवर बुटांचा खोका असे आणि त्यात लग्नाच्या मुलामुलींची कार्डं. प्रत्येक कार्डाच्या कडेला भोकं होती, कुठलं शिक्षणाचं, कुठलं शेतीचं, कुठलं नोकरीचं. जे लागू असेल ते भोक ते कात्रीनं कडेपर्यंत कापून उघडं करत. मग हव्या त्या भोकातून सगळ्या गठ्ठ्यात विणायची सुई घालून तो उचलून हलवत. उघड्या भोकाची कार्डं खाली पडत, बाकीची सुईला लटकून राहत.

माझी नोकरी कच्ची होती, म्हणून स्थळं परत जात होती. त्यांनी माझं कार्ड केलं आणि मुलींच्या गठ्ठ्यात ‘कच्ची नोकरी चालेल’च्या भोकातून सुई घातली. धनज गावच्या एका मुलीचं कार्ड पडलं.

“एकच?” मी म्हणालो.

“मंग कितीक पाह्यजेत भाऊ? सुई कार्ड पाडते, पसंत तुमालेच करा लागते. जाऊन या!”

गेलो, आणि जमलं. पण खोक्यातून बायको काढली म्हणून ऑफिसातले हसतील, या भीतीनं मी ‘मामानं जुळवलं’ असं सांगू लागलो. एकदा बसमध्ये ऑफिसातल्या एकाला तेच सांगत होतो आणि ते खोक्यावाले गृहस्थ मागच्याच बाकावर होते. माझी मान खाली गेली.

त्यांनी आमची दोन्ही कार्डं काढून माझ्या हातात दिली. “जमलं ना? मंग झालं. कोनं जमोलं, याचं भोक म्या ठेवलंच नाही.”

आमचा संसार सुखाचा झाला. तो त्यांनीच जुळवला, मामानं नाही.