पाळण्यासाठी कॉम्प्रेसर

लेकीच्या बाळाचं बारसं रविवारी होतं आणि पाळणा अजून उघडाबोडका अंगणात पडला होता. ह्यांनी उत्साहाच्या भरात त्याचा जुना रंग पॉलिश पेपरने खरवडून काढला, आणि नवा रंग मारायच्या वेळेला घरचा कॉम्प्रेसर रुसला. ब्रशने मारा म्हटलं, तर म्हणे स्प्रेसारखी सफाई येत नाही. रंग वाळून वास जायला वेळ लागतो, तान्हं बाळ त्यात निजायचंय, हे मी कानीकपाळी ओरडत होते. ऐकतो कोण?

कॉम्प्रेसरचं दुखणं असं, की टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायला हवी आणि हवा टाकीत गप्प बसायला हवी. मोटर बंद व्हायची, पण लगेच ती चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचखालून फुस्स सुरू. ते थांबायचंच नाही. काटा उतरत उतरत खाली आला की मोटर पुन्हा धडधडायची. वरच्या खोलीत बाळ दचकून रडायचं, लेक उठायची, आणि दोघांना निजवायला मी. समा भागातल्या आमच्या सोसायटीत भिंतीला भिंत. शेजारच्या बेन गच्चीतून विचारून गेल्या, "शुं थयुं बेन, फॅक्टरी नाखी?" म्हणजे, घरात कारखाना टाकलात की काय!

हे जन्मभर रिफायनरीत, इन्स्ट्रुमेंट खात्यात. बिघडतं ते उपकरणच, ही ह्यांची श्रद्धा. फुस्स स्विचखालून येतंय, म्हणजे स्विच गेला. शिवाय परमिटशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही तिथली सवय. घरी परमिट देणार कोण? मग ह्यांनीच पुठ्ठ्यावर "काम चालू आहे, बटण दाबू नये" असं लिहून बोर्डावर लटकवलं. पाण्याच्या पंपाचं बटणही त्याच बोर्डावर! बाळाची दुपटी बादलीत तशीच. नवा स्विच बसला, पुठ्ठा निघाला, मोटर चालली, थांबली, आणि फुस्स.

मग धाकटे दीर आले. ते रेल्वेत, गाड्यांच्या ब्रेकच्या हवेवर केस पांढरे केलेले. त्यांच्या मते हवा जाते ती सांध्यातूनच. माझा भांड्यांचा साबण कालवून त्यांनी प्रत्येक सांध्याला फासला. बुडबुडा म्हणून आला नाही.

"दादा, हा तुझा स्विचच खोटा."

"नवा आहे. तुझा साबण पातळ झालाय."

मी चहा करून करून वैतागले. एकाला मशीन दुरुस्त करायचं नव्हतं, दुसऱ्यालाही नव्हतं. दोघांना आपलं खातं खरं करायचं होतं.

शेवटी दमून दोघांनी टाकीची हवा सोडली आणि टाकीच्या तोंडाशी असलेला, हवेला मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह उघडला. आतली रबरी चकती कडक होऊन चिरली होती. टाकीतली हवा तिथून उलटी येऊन स्विचखालून बाहेर पडत होती. "मी हेच म्हणत होतो," दोघं एकदम म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

नव्या चकतीसाठी फोन केला, तर दुकानदार म्हणाला, "काका, सोमवारे आवशे."

मी रंगाचा डबा उघडला आणि ब्रश घेतला. हे धावत आले.

"थांब ना जरा. सोमवारी चकती आली की एकदम बराबर होईल."

"अहो, बारसं रविवारी आहे! सोमवारी काय पाळण्यात कॉम्प्रेसर घालायचा?"

हे पायरीवर बसले. म्हणाले, "आपल्या लेकीच्या बारशाला प्लँटचं शटडाऊन होतं, दुरुस्तीसाठी रात्रंदिवस ड्यूटी. मी घरी आलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं. आता तिच्या बाळाचा पाळणा तरी माझ्या हातचा असू दे."

इतक्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते. मला भरून आलं, आणि रागही आला. एवढं मनात होतं तर आधी सांगायचं नाही? मी ब्रश त्यांच्या हातात दिला.

"मग मारा की हाताने. कॉम्प्रेसर कशाला हवाय?"

संध्याकाळपर्यंत पाळणा रंगला. दीर पंख्याची वायर लांबवून वारा देत बसले.

रविवारी आम्ही सगळ्या बायका पाळण्याभोवती जमलो, तर हे मध्येच उभे. नखांत निळा रंग, हातात पाळण्याची दोरी, आणि काही केल्या सोडेनात. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "अहो, सरका आता. आत्याला बाळाच्या कानात नाव सांगू द्या."