हिंदीत घेतलेला जबाब

आमच्या अहवालात एक वाक्य आहे : 'नव्या धोक्यांना तोंड देण्यासाठी मिळणारा सराव जवानांना पुरेसा वाटतो.' खाली अभ्यासगटाचं नाव असलं, तरी वाक्य माझं आहे. ते खरं नाही. अहवाल ज्यांनी वाचला, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि सुरतला आलो. धुळ्याकडची आमची निम्मी भावकी त्याआधीच इथे कापडाच्या लूमवर लागलेली होती. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलमध्ये काही वर्षं सुरक्षेचं काम केलं, मग तेही सोडलं. अशात एका निवृत्त कर्नलसाहेबांचा निरोप आला. ते, इंजिनिअरिंग शिकवणारे एक गुजराती प्राध्यापक आणि आणखी काही मंडळी मिळून पुढच्या लढाईला फौज किती तयार आहे याचा अभ्यास करत होती. सरकारचा पैसा नाही, कुठल्या पक्षाचा नाही. मत स्वतंत्र हवं, हा त्यांचा आग्रह होता. बाकी सगळं छापील कागदांवरून होणार होतं. लहान ड्रोनच्या धोक्याबद्दल मात्र त्यांना जवानांचं म्हणणं हवं होतं. ठाणं कुठलं, हत्यार कुठलं, यातलं काही विचारायचं नव्हतं. सराव पुरेसा वाटतो का, एवढंच.

सुरतच्या गोडादरा आणि कोसाड भागांतल्या पुष्कळ घरांतली मुलं फौजेत आहेत. सुट्टीवर आलेल्यांना मी गोडादऱ्यातल्या एका देवळामागच्या सभागृहात बोलावलं. मी आत गेलो की ते उठून उभे राहायचे. मी 'बैठो' म्हटल्यावर बसायचे. मी विचारायचो, 'ट्रेनिंग कैसी है? कोई तकलीफ?' उत्तर यायचं, 'नहीं साब. सब ठीक है.'

हा प्रश्न आणि हे उत्तर फौजेत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. माझ्या पहिल्या पोस्टिंगला एक मोठे साहेब लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, आले होते. डाळ करपून काळी झाली होती. त्यांनी चव विचारली आणि आमची अख्खी रांग म्हणाली, 'बढ़िया है साब.' साहेब खूश होऊन गेले आणि ती डाळ आम्ही संपवली. हे मला पाठ होतं. तरी सभागृहात मी त्याच सुरात विचारलं आणि मिळालेली उत्तरं मांडून ठेवली.

माझ्या बहिणीचा मुलगाही त्या बैठकीला होता. सीमेवरच्या ठाण्यावरून महिन्याच्या सुट्टीवर आला होता. तोही म्हणाला, 'सब ठीक है साब.' मामाला साब म्हणताना त्याला जरा हसू आलं, एवढंच.

त्याच आठवड्यात बहिणीच्या गल्लीत लग्न होतं. वरातीचं शूटिंग करायला ड्रोन आणला होता. तो घरघरत डोक्यावर आला तसा भाचा उभ्या टेम्पोखाली शिरला. नवी पँट ऑइलने भरली. पोरं हसत सुटली. कुणी गुजरातीत म्हणालं, 'फौजी, बहार आव, फोटो पाडे छे.' बाहेर ये, फोटोच काढतोय तो. तोही हसत बाहेर आला, पण ड्रोन लांब जाईपर्यंत टेम्पोला चिकटूनच उभा राहिला. मी जवळच उभा होतो.

संध्याकाळी बहिणीकडे जेवायला बसलो. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. भाचा ताटाकडे बघत अहिराणीत बोलायला लागला. ठाण्यावर असं काही डोक्यावर आलं, तर ते कुणाचं हे त्यांना ओळखता येत नाही. पाडायचं यंत्र आहे, पण ते चालवायला शिकलेला गडी एकच, आणि तोही सुट्टीवर जातो. मग म्हणाला, "मामा, आमले समोर देखाले शिकाडं. वर देखाले कोणी शिकाडं नही."

मी जेवत राहिलो. घरातलं बोलणं घरात, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण दुसरं होतं. त्या गटात प्राध्यापकांसारखे बाहेरचे लोक होते. त्यांच्यासमोर माझ्या फौजेत काही कमी आहे, हे माझ्या तोंडून निघायला नको होतं.

पुढच्या बैठकीत मी माझं काम वाचून दाखवलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला. "कुणीच काही बोललं नाही? एकसुद्धा?"

"फौजी आहेत, सर."

"म्हणून तर विचारतो."

कर्नलसाहेब मोठ्याने हसले. विषय तिथे संपला आणि वाक्य छापून गेलं.

भाचा ठाण्यावर परत गेला होता. अहवालाची बातमी गुजराती पेपरात आली, कुणीतरी ती त्याला मोबाइलवर पाठवली. त्याचा फोन आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो साधेपणाने म्हणाला, "मामा, तुम्ही हिंदीमा इचारं, मी बी हिंदीमाच सांगं." मग आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

मला धाडस व्हायला पुढे कित्येक महिने गेले. अखेर त्याला विचारलं, हे मांडू का? त्याने परवानगी दिली, फक्त तो कोण हे कळू नये असं म्हणाला. मी गटापुढे गेलो आणि त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. कर्नलसाहेब पुण्याचे. त्यांना अहिराणी कळेना; ते म्हणाले, हिंदीत सांगा. प्राध्यापक म्हणाले, गरज नाही, मला सगळं समजलं. अहिराणी गुजरातीच्या जवळची, त्यांच्या कानाला ती परकी नव्हती. त्यांनी विचारलं, "मुलगा आता कुठे आहे?"

"तिथेच."

प्राध्यापकांनी अहवाल पुढे ओढला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. मग ठरलं की ते वाक्य मागे घ्यायचं, अहवाल जिथे जिथे गेला तिथे तसं कळवायचं, आणि जवानांना पुन्हा विचारायचं, त्यांच्या घरी, त्यांच्या बोलीत. मी नाही, दुसऱ्या कुणीतरी. ते मला पटलं. माझ्यासमोर ती मुलं उभीच राहणार.

दुरुस्ती पाठवून झाली. कुठूनच उत्तर नाही. ती कुणी वाचली का, वाचून कुठल्या ठाण्यावर काही बदललं का, हे कळायला मला मार्ग नाही.

परवा बहिणीकडे गेलो होतो. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारलं, पोरांना आता वर बघायला शिकवलं का? मी म्हणालो, वरती कळवलं आहे, कार्यवाही होईल.

ती म्हणाली, "हाऊ साहेबना जबाब शे, भाऊ."

मग मी तिला सांगितलं की मला माहीत नाही. ती माझ्याशेजारी खाली बसली.