बिअरच्या बादलीची तोटी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी, शुभदापाशी तर नाहीच, सख्ख्या भावापाशीही नाही. एरवी दोन ग्लास पोटात गेले की मी शाळेतल्या मारामाऱ्यांपासून सगळं ओकत सुटतो — पण हे तेव्हाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा उद्या शनिवार आहे म्हणून.

आधी बिअरचं सांगतो. तिथून सुरुवात केली की जरा धीर येतो.

मी घरी बिअर करतो. इथे परदेशात, सेम्बावांगला आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या मागे कपडे वाळत घालायची अरुंद जागा आहे, तिथे. स्वतःपुरती केली, विकली नाही, तर इथे चालते. माझी नोकरीच ऑडिटची, त्यामुळे नियम आधी वाचले, बादली नंतर आणली. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव आणि हॉप्सची कडवट फुलं पाण्यात उकळायची, ते पाणी झटपट थंड करायचं, झाकणाच्या बादलीत ओतून वर यीस्ट टाकायचं आणि वाट बघायची. ऐकायला सोपं आहे. पण ही माहिती लिहिणारे सगळे थंडीतले लोक! इथे नळाचं पाणीच कोमट. पातेलं निवेपर्यंत हवेतले, हातावरचे, कुठकुठले जंतू येऊन बसतात आणि उकाड्यात यीस्टच्या आधी तेच पंगतीला बसतात. म्हणून मी सिंकमध्ये बर्फ भरून त्यात पातेलं ठेवायचो. मग बादली पाण्याच्या टबात, अंगावर ओला टॉवेल, समोर पंखा, आणि टबात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या. शुभदा म्हणायची, "माझ्या बाळंतपणात एवढं केलं नव्हतंस रे!" खोटं नव्हतं ते.

आणि स्वच्छता — ती तर विचारूच नका. चमचा, नळी, झाकण, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा सॅनिटायझरमध्ये बुडवल्याशिवाय मी पुढे जायचो नाही. मुलीनं एकदा नुसतं झाकण उचलून वास घेतला तर मी घर डोक्यावर घेतलं. "आय्या बाबा, रिलॅक्स लाह," इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली आणि खोलीत निघून गेली. असा मी कडक. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते, त्याचाच तर पगार घेतो.

पण बिअर आंबायला लागली. एक बॅच आंबली, मी म्हटलं असेल काहीतरी. दुसरीही आंबली. वर पांढरी साय धरलेली, ग्लासात ओतली तर किंचित तार यायची. मी सॅनिटायझर बदलला, बर्फ वाढवला, पंखा दुसरीकडे वळवला. तरी तेच.

आता विरजणाचं सांगायला हवं. नाही का? टाळून टाळून किती टाळणार.

मुलीच्या जन्माच्या वेळी सासूबाई मिरजेहून आल्या, तेव्हा स्वच्छ मलमलचा तुकडा दह्यात भिजवून, कडक वाळवून, घडी करून घेऊन आल्या होत्या. इथे आल्यावर तो कोमट दुधात सोडला आणि सकाळी घट्ट, कवडीसारखं दही. मी तर थक्कच झालो होतो. तेव्हापासून आमच्याकडे तेच विरजण. रोज त्यातलं चमचाभर बाजूला काढायचं, रोज नवं लावायचं. आम्ही सुट्टीवर गेलो की शुभदा थोडं फ्रीझरमध्ये ठेवून जायची आणि परत आल्यावर बॅगा उघडायच्या आधी ते बाहेर काढायची. सासूबाई फोनवर लेकीच्या आधी त्याचीच चौकशी करायच्या — "लागतंय ना गं नीट?" त्यांच्या आईकडून आलेलं होतं म्हणे ते. बिअर आंबायला लागली त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. मिरजेच्या घरी आता माझा मेहुणा पिशवीतलं दही आणतो.

तर त्या आंबलेल्या दिवसांत आमच्याकडे मित्रमंडळी जमली होती. सगळे इथलेच, बँकांमधले, जोडीनं आलेले. मला वाटलं होतं तिसरी बॅच ठीक असेल. विवेकनं एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "अरे, ही बिअर आहे की ताक? वहिनी, जिरं-मीठ आणा जरा!" सगळे खो-खो हसले. मीही हसलो. पण आतून असा तडकलो होतो म्हणून सांगू! आणि त्याच तिरीमिरीत म्हणालो, "घरात रोज दही लावतात, दुसरं काय होणार?"

शुभदा भजी घेऊन दारात उभी होती.

आता मागे कसं फिरणार? सुरू झालो. दह्यातले जंतू आणि बिअर आंबवणारे जंतू एकाच गोत्रातले, हे खरंच आहे. तेच हातावरून, फडक्यावरून, हवेतून बादलीत जातात, इथल्या उकाड्यात त्यांचं फावतं वगैरे, मी व्याख्यानच झोडलं. लोक माना डोलवत होते. कुणीतरी म्हणालंसुद्धा, बघा, शेवटी ऑडिटर आहे. मला फार बरं वाटलं. हे सांगताना लाज वाटते, पण वाटलं.

पाहुणे गेल्यावर शुभदानं शांतपणे विचारलं, "खरंच माझ्या दह्यानं होतंय?" मी म्हटलं, शंभर टक्के. ती म्हणाली, "असं करू. पुढच्या बॅचला मी दही लावतच नाही. विरजण फ्रीझरमध्ये ठेवते. बिअर चांगली निघाली तर दह्याचा दोष, मग टाकून देईन. आंबली तर माझी सुटका." छोट्या स्टीलच्या डबीत शेवटचं विरजण घालून तिनं ते माझ्या गोठवलेल्या बाटल्यांच्या मागे ठेवलं. इतकी सरळ बाई. भांडली असती तर माझं निभावलं असतं.

मग तो शनिवार. ती लिटिल इंडियात गेली होती, महिन्याचा किराणा आणि मोगऱ्याचा गजरा आणायला. मी नवी बॅच लावायची म्हणून बादली धूत होतो. बादलीला खाली प्लास्टिकची तोटी असते, बिअर बाटलीत भरायला. ती मी दर वेळी बाहेरून पुसायचो, आतून सॅनिटायझर सोडायचो आणि झालं समजायचो. तेवढ्यावर भागत नाही, ती पूर्ण खोलून धुवायची असते. हे माझ्या वाचनात आलं होतं, पण कंटाळा केला होता. त्या दिवशी जरा अडखळत फिरली म्हणून ओढली आणि ती दोन तुकडे होऊन हातात आली.

आत बुळबुळीत पिवळट थर. किती बॅचेसचा कोण जाणे. आणि वास... विवेक म्हणाला होता तोच.

म्हणजे दही नव्हतं. मी होतो.

तुम्ही काय केलं असतं? जाऊ दे, तुम्हाला का विचारतोय? मी काय केलं ते सांगतो. गरम पाणी आणि ब्रश घेऊन तोटी लख्ख घासली. सॅनिटायझरमध्ये बुडवली. परत बसवली, ओटा पुसला, ब्रश कचऱ्यात टाकला. शुभदा आली, पिशव्या ठेवल्या आणि म्हणाली, "दमलास का? चेहरा असा का?" मी म्हटलं, उकडतंय.

ती बॅच उत्तम निघाली. अगदी स्वच्छ, काचेसारखी. तिला बिअर आवडत नाही, तरी तिनं घोटभर चाखली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे दह्यानंच होत होतं ना?"

तेव्हाही वेळ होती. डबी फ्रीझरमध्ये होती. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, "हो."

थांबा, अजून संपलेलं नाही. इथवर कदाचित नुसता भित्रेपणा होता. तिनं विचारलं, "टाकायलाच हवं का? फ्रीझरमध्ये राहू दे ना नुसतं. आईचं आहे." आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं माहीत आहे? की ही कधीतरी पुन्हा दही लावेल, बिअर तरीही चांगली निघेल, आणि मी उघडा पडेन. बस, एवढंच. सासूबाई आठवल्या नाहीत, तो मलमलचा तुकडा आठवला नाही. मी म्हणालो, "तूच ठरवलं होतंस ना? टाक. आणि डबीवर उकळतं पाणी घाल, नुसतं धुऊन हे जंतू जात नाहीत."

तिनं आधण ठेवलं. डबी सिंकमध्ये धरली, पाणी ओतलं. पांढरं पाणी वाहून गेलं तरी ती ओतत राहिली. मी शेजारी उभा राहून नीट ओततेय ना ते बघत होतो.

रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून दह्याचा डबा आणला, वाटीत काढला, एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "गोडसर असतं नाही का इथलं?" मुलीनं विचारलं, आजीचं दही कुठेय? शुभदानंच उत्तर दिलं, बाबांची बिअर खराब होत होती त्यानं. माझी बाजू घेऊन सांगितलं तिनं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमची बिअर मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. नवं कुणी आलं की विवेक ताकाचा किस्सा सांगतो, मग मी दह्याचं शास्त्र समजावतो, आणि लोक वहिनींच्या त्यागाला म्हणून ग्लास उंचावतात. शुभदा हसते. दुकानातलं दही ती जेवणाच्या टेबलाशीच काढते, ओट्यावर आणत नाही. मग कोपरापर्यंत हात धुते. आणि वाळत घातलेले कपडे काढायला मागे जाते तेव्हा बादलीजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून, अंग चोरून जाते. तिला कुणी तसं सांगितलेलं नाही. मी स्वयंपाकघरातून बघतो. तिला एकदाही म्हटलेलं नाही की अगं, हात मोकळे सोड.

उद्या नवी बॅच लावायची आहे. सकाळी ती किराण्याला लिटिल इंडियात जाईल. ती गेली की मी दार लावून तोटी खोलीन, घासून धुईन आणि ती परत यायच्या आत पुन्हा बसवून ठेवीन.