एकादशीची शुगर

यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे भरत नव्हती. दिवसातून चारदा मी मोजा उतरवून बघायची. "अगं, सारखं बघून भरणार आहे का ती?" हे वैतागायचे. पण मला चैन पडेना. शुगर आटोक्यात आणा, नाहीतर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि हे गोळ्या सोडायला निघालेले! दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतले यांचे एक मित्र कारल्याचा रस पितात, त्यांची शुगर उतरली, म्हणून. म्हटलं, अहो, त्यांनी त्याच महिन्यात मिठाई सोडली, रोज तासभर चालायला लागले. मग श्रेय एकट्या कारल्याला का? ऐकेनात. शेवटी पार्कात जाऊन त्या मित्रांनाच विचारलं. "भाभीजी, गोली तो मैं रोज लेता हूँ," ते म्हणाले. झालं! मी अशी मिरवत घरी आले की विचारू नका. यांच्या गोळ्या चालू राहिल्या, पण हट्टानं रसही चालूच.

शुगरची वही माझ्याकडे. आकडा चढला की मी शेजारी लाल पेनानं लिहायची, 'रस'.

परवा एकादशीला दुपारी आकडा भलताच वर गेला. मी सुरूच झाले, "ढोसा अजून तो रस!"

"आज घेतलाच नाही. कारली संपलीत."

"मग खाल्लंत काय?"

"तूच वाढलंस की. साबुदाण्याची खिचडी दोनदा, वर रताळ्याचा कीस."

"अहो, पण ते उपासाचं होतं!"

बोलले आणि जीभ चावली. 'एकादशी नि दुप्पट खाशी' लहानपणापासून हसत म्हणत आले, पण उपासाचं म्हणजे हलकं, हे डोक्यातून कधी गेलंच नाही. आणि मी निघाले होते लोकांच्या चुका काढायला!

वही मागे चाळली. चतुर्थी, तिन्ही सोमवार. प्रत्येक उपासाला आकडा चढलेला आणि शेजारी माझ्याच अक्षरात लाल, 'रस'.

यांनी पेन पुढं केलं. "दुरुस्त कर," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी एकेक 'रस' खोडून 'खिचडी' लिहिलं. मग सवयीनं मोजा उतरवायला वाकले, आणि त्या अंगठ्याकडे बघायचा मला धीरच होईना.